डाव्या हाताची गाठ

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला — म्हणूनच बहुतेक जमतंय.

आधी बडेबाबूबद्दल बोलतो. त्याच्याबद्दल बोलणं मला सोपं जातं. का, ते पुढे कळेलच.

वाशिमात एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्डात मी तेव्हा कारकून होतो. कोणती कचेरी ते राहू द्या. राज्य नागपूरचं होतं ते मुंबईचं झालं, त्याच्या आगेमागची ही दोन वर्षं. हेडक्लार्कला आमच्याकडे बडेबाबू म्हणत. नाव घेत नाही. माणूस मेला आहे. मेला म्हणून माफ केलंय असं समजू नका. मी त्याच्या मौतीला गेलो नाही. घरापासून दोनशे पावलांवरून तिरडी गेली, मी ओट्यावर बसून सुपारी कातरत होतो.

त्याची रीत अशी — कोणाला काही लेखी द्यायचं नाही. सगळं तोंडी. लेखी मागितलं की म्हणायचा, ‘‘काहून, माह्यावर इस्वास नाही काय?’’ एकच काम दोघांना सांगायचं आणि दोघांनाही वेगवेगळं सांगायचं, की दुसरा तुझ्या हाताखाली आहे. मग दोघं आपसात भांडतात, आणि निवाड्याला त्याच्याच टेबलापाशी येतात. साहेब दर दीड वर्षाला बदलणारे, त्यांना काय कळणार? आम्ही आठ माणसं एका छताखाली बसून एकमेकांच्या डब्यात काय आहे हेही त्याच्या तोंडून ऐकायचो.

रेकॉर्डात आम्ही दोघंच. रेकॉर्डकीपर युसूफभाई, आणि त्यांच्या हाताखाली मी. एकेका गावाच्या मिसली, म्हणजे प्रकरणांचे कागद, लाल खादीच्या फडक्यात बांधून ठेवलेल्या असत. त्याला बस्ता म्हणायचं. कोणी कोणता बस्ता कधी सोडला याचं एक रजिस्टर पूर्वी असायचं. बडेबाबूची माणसं मिसली काढून बाहेर न्यायची, आणि रजिस्टरात ते दिसायचं. म्हणून त्याने ते रजिस्टर एक दिवस आपल्या कपाटात घालून कुलूप लावलं. ‘तपासायचं आहे’ म्हणाला. ते काही परत आलं नाही.

मग उरली गाठ. प्रत्येकाची गाठ वेगळी असते, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण रोज चाळीस बस्ते बांधणाऱ्याचा हात आपोआप एका वळणाला लागतो. युसूफभाई डावखुरे होते. त्यांची गाठ उलट्या बाजूने यायची, आणि टोक दोनदा आत खोचलेलं असायचं. कचेरीत अगदी चपराश्यालाही ओळखू यायची. माझी गाठ ढिली. एकदा माझ्या हातून बस्ता सुटून अर्ध्या तालुक्याचे कागद जमिनीवर पडले, तेव्हा ते हसून म्हणाले होते, ‘‘देवराव, तू त लुगड्याची गाठ मारून राह्यला बापा. इकडं ये, पाह्य.’’ आणि समोर बसवून त्यांनी मला स्वतःची गाठ शिकवली. मला उजव्या हाताने ती जमेपर्यंत दोन दिवस गेले. दुसऱ्या कोणाला त्यांनी ती शिकवली नव्हती. हे मला माहीत होतं — आणि त्यांनाही.

माझ्या बहिणीचं लग्न रिठदला ठरलं. वडील नव्हते. कन्यादान मीच करायचं होतं. रेकॉर्डात एकाने रजा मागितली की दुसऱ्याने ‘काम पाहून घेईन’ अशी चिठ्ठी लिहून बडेबाबूच्या हाती द्यायची, अशी पद्धत होती. मी युसूफभाईंना सांगितलं, ते ‘जा खुशाल’ म्हणाले. लग्नाच्या आदल्या दिवशी बडेबाबूने मला बोलावलं. ‘‘रजा नाही भेटत देवराव. युसूफमियानं चिठ्ठी देल्ली नाही. आता मी काय करू, सांग?’’

मी काय केलं? युसूफभाई दहा पावलांवर बसले होते. उठून जाऊन विचारायचं होतं, ‘काहून नाही दिली?’ एवढंच. पण मी विचारलं नाही. रुसलो. माझ्या घराण्यात रुसण्याला मोठी किंमत आहे. माणूस तोंड फिरवतो आणि त्यालाच स्वाभिमान म्हणतो. बहिणीचं कन्यादान एका दूरच्या चुलत्याने केलं. तो मांडवात पेंगत होता म्हणे. आणि मी त्या वेळी वाशिमात बसून बस्त्यांवरची धूळ झटकत होतो. बहीण आजवर त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. दोघांनाही धडा शिकवायचा — बडेबाबूला मोठा, युसूफभाईंना छोटा. मी हे असं वाटून ठेवलं होतं, जशी भाकरी वाटतात.

चार महिन्यांनी अकोल्याहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. एका विहिरीवरून दोन चुलतभावांत जुना तंटा होता, त्याची मिसल साहेबांनी आधीच मागवली होती. ‘‘साहेब, पाच मिन्टात टेबलावर येते,’’ असं बडेबाबूने पुढे जाऊन कळवलं होतं. आदल्या दिवशी दुपारी युसूफभाई घरी गेले. रोजच जायचे. त्यांच्या अम्मीला अर्धांग झालेलं, घरात दुसरं कोणी नाही. तिला चार घास भरवून अर्ध्या तासात परत यायचे. त्या अर्ध्या तासात मी ती मिसल काढली, दुसऱ्याच एका गावाच्या बस्त्यात मधोमध घातली, आणि बस्ता बांधला.

त्यांच्या गाठीने बांधला.

का? माझ्यावर यायला नको म्हणून. उत्तर एवढंच आहे, मी त्याला फार वेळा फिरवून पाहिलंय. मनात हिशोब असा केला होता — रजिस्टर कोणी बंद केलं हे साहेब विचारतील, बडेबाबू तोंडघशी पडेल, आणि गाठ पाहून युसूफभाईंना दोन शब्द ऐकावे लागतील. बस.

मिसल चार दिवसांनी सापडली. सगळी कचेरी बस्ते सोडत होती. ज्याच्या हाती तो बस्ता लागला, त्याने सोडण्याआधीच म्हटलं, ‘‘हा त युसूफमियाचा बांधेल हाये.’’ रजिस्टरचा विषय निघालाच नाही. बडेबाबूने तो निघू दिला नाही. दुपारी रेकॉर्डकीपर कुठे असतो, हा विषय त्याने काढला. कडेने फडकं सारून आत मिसल दिसली, म्हणून गाठ न सोडता बस्ता तसाच साहेबांपुढे ठेवला गेला. युसूफभाई वाकून गाठीकडे बघत राहिले. टोकाला बोट लावलं. मग माझ्याकडे पाहिलं — फार वेळ नाही.

‘‘गाठ मायी हाये साहेब. बांधली मी नाही.’’

‘‘मग कोणी बांधली?’’

एक नाव घ्यायचं होतं. मी शेजारी उभा होतो, माझ्या कानात माझंच नाव वाजत होतं. त्यांनी घेतलं नाही. साहेबांनी मला विचारलं, तू रोज यांच्यासोबत काम करतोस, ही गाठ कोणाची? मी म्हणालो, युसूफभाईंचीच.

आवाज कापला नाही. आणि खरं सांगतो, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. मांडवात पेंगणारा तो चुलता डोळ्यांपुढे आला आणि वाटलं — आता फिटलं.

हुकूम निघाला. रेकॉर्डकीपरच्या जागेवरून खाली, आणि बदली मेळघाटाच्या बाजूला. अर्धांगाची आई घेऊन तिथे कोण जाणार? गेलेच नाहीत. नोकरी सोडून शेलूबाजारला मामेभावाच्या कापडाच्या दुकानात गज धरून बसले. बडेबाबूचं काहीही बिघडलं नाही. हार घालून घेऊन तो रिटायर झाला. पुढे स्वतःच्या शेताची एक नक्कल हवी म्हणून तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याला मी अकरा खेपा घालायला लावल्या. प्रत्येक वेळी तोंडी सांगायचो, ‘उद्या या.’ अकराव्या खेपेला तो म्हातारा बाकावर बसून धापा टाकत होता, आणि मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. हे करताना मला जो आनंद झाला तो अजून उतरलेला नाही. पाहा, त्याच्याबद्दल बोलायला लागलो की मी असा भराभर बोलतो.

पण सांगायचं ते हे नव्हे.

हुकूम निघाल्यावर रेकॉर्डाचा चार्ज युसूफभाईंनी मला द्यायचा होता. त्यांची जागा मला मिळाली होती ना. चार्ज म्हणजे दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने गावाचं नाव आणि मिसलींची संख्या वाचायची, दुसऱ्याने यादीत खूण करायची. तीन दिवस लागले. ते वाचत होते, मी खुणा करत होतो. मधेच सांगायचे, या कप्प्याला उधई लागते, दर महिन्याला रॉकेल शिंपत जा. त्या कोपऱ्यातले कागद हाताने उचलू नको, पुठ्ठ्यावर घे. जसं काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बस्त्यावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, ‘‘देवराव, तू बहिणीच्या लग्नाले काहून गेला नाही?’’

मी म्हणालो, रजा नाही मिळाली.

‘‘मी त चिठ्ठी देल्ली होती. बडेबाबू मले म्हणे, देवरावनंच रजा वापस घेतली. लगन पुढं गेलं म्हणे.’’ मग पुढचा बस्ता ओढत — ‘‘तवापासून तू मायाशी बोलून नाही राह्यला. मले वाटलं, मायंच काही चुकलं असन.’’

आता सांगा, यानंतर काय उरलं होतं? सगळं उघड्यावर होतं. अपील करायला अजून अठरा दिवस होते. मी उठून साहेबांच्या खोलीत गेलो असतो तर त्यांची नोकरी वाचली असती. माझी गेली असती, हे खरं. मला ते कळत होतं, अगदी त्याच क्षणी कळत होतं. नंतर सुचलं असं म्हणायची सोय मला नाही. अज्ञानात केलेलं पाप त्या दुपारपर्यंतचं होतं. त्यानंतरचं सगळं जाणून केलेलं.

मी म्हणालो, ‘‘पुढचं गाव सांगा.’’

त्यांनी सांगितलं. मी खूण केली.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास यादी संपली. त्यांनी खाली ‘चार्ज दिला’ असं लिहून सही केली आणि टाक माझ्यापुढे ठेवला. नंतर हात मागे घेऊन बसून राहिले. घाई केली नाही. मला आता वाटतं, त्यांनी मला तेवढा वेळ दिला होता.

मी टाक दौतीत बुडवला, झटकला, आणि त्यांच्या सहीशेजारी लिहिलं — ‘चार्ज घेतला’. अक्षर चांगलं आलं होतं.