नदीपलीकडचा मांडव

मंडळी, लग्नाहून आत्ताच परतलो. थेट नेट कॅफेत आलोय, कारण घरी गेलो की झोपून जाईन आणि हे लिहायचं राहून जाईल.

आज माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. मावशीचं गाव वैनगंगेच्या अलीकडे, आपल्या गडचिरोलीत. नवरदेव पलीकडचा, चंद्रपूर जिल्ह्यातला. मांडव मुलीच्या दारात पडायचा, ही आमची रीत. पण आपल्याकडे दारूबंदी, पलीकडे नाही. नवरदेवाच्या मित्रांनी आधीच सांगून टाकलं, "तिकडं लगन ठेवलं तं आमी येत नाई." नवरदेवाने त्यांना अडवलं नाही. मोठ्या माणसांनीही नाही. मांडव नदीपलीकडे गेला.

याच मावशीने गावातल्या बायका सोबत घेऊन हातभट्ट्या फोडल्या होत्या. आज ती त्या पोरांच्या पंगतीत भात वाढत होती. एकाला तर पानावर धड बसताही येत नव्हतं.

बाटल्या उंचावलेले त्यांचे फोटो आता इथे नेटवर, आपल्या गडचिरोलीकरांच्या कम्युनिटीवर दिसले. खाली तुमच्यापैकीच कोणीतरी लिहिलंय, "एक नंबर लगन बे!"

परतताना पुलावर मी मावशीला म्हटलं, "जाऊ दे ना मावशी. एका दिवसाचं होतं, झालं."

ती म्हणाली, "आपलं झालं बापू. आपण घरी चाल्लो. पोरगी तं तिथीच राह्यली ना."

मावशीला द्यायला काही उत्तर तुम्हाला सुचलं तर लिहा. त्या फोटोखाली नको, इथे लिहा.