मालनबाईंनी लिहून दिलं होतं

मालनबाई सात वर्षं इंदिरानगरात आमच्याकडे पोळ्यांना येतात. बाई दिल्या शब्दाला जागणारी. सातला येते म्हणाल्या की पावणेसातला दारात. या गुणाचं मी चारचौघींत कौतुक करायची. त्याच गुणानं त्यांचा घात केला, हे मला फार उशिरा कळलं.

नवऱ्याशी, रवीशी, पटेना तेव्हा मालेगावकडच्या सासरी जातीचे पंच बसले आणि एका बैठकीत फारकत झाली. स्टॅम्पपेपरवर लिहिलं की मुलगी बापाकडे राहील, आई तिला भेटणार नाही. पायल तेव्हा चार वर्षांची. मालनबाईंनी सही केली आणि पाळली. दरवर्षी मार्चमधल्या एका दिवशी आमच्याकडे पोळ्या करपायच्या आणि मी कुरकुरायची. तो पायलचा वाढदिवस, हे विचारून घ्यायची अक्कल मला यंदा सुचली.

मग जाऊन भेटत का नाही, म्हणून मी त्यांच्यावरच चिडले.

"लिहून दिलंय ना ताई. मी शब्द मोडला तर माझ्या पोरीला बोल लावतील."

मी त्यांना ओढतच माझ्या ओळखीच्या प्रतिभा वकिलांकडे नेलं. त्यांनी पिशवीत जपलेला कागद वाचला आणि सांगितलं, की आईनं मुलीला भेटू नये हे पंच ठरवूच शकत नाहीत. कोर्टात अर्ज केला असता तर भेट केव्हाच मागता आली असती. मला वाटलं, बाई हरखतील. त्या जिन्यातच बसल्या.

"म्हंजे सात वर्षं मी उगाच थांबले?"

मला रडू आवरेना. बैल गेला अन् झोपा केला, असली माझी हुशारी.

अर्ज मालेगावच्या कोर्टात झाला. एका शनिवारी तिथल्याच एका खोलीत तासाभराची भेट मिळाली. मालनबाई रव्याचे लाडू घेऊन आल्या होत्या. मी दाराशी उभी राहिले. अकरा वर्षांची पायल आली, आईच्या खांद्याएवढी झालेली. मालनबाईंनी हात पुढे केला तशी ती मागे सरली.

"तो कागद मी वाचलाय," ती म्हणाली. "खाली तुमची सही आहे."

मालनबाईंनी पंचांचं सांगितलं, वकीलबाईंचं सांगितलं, शब्दाचं सांगितलं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं.

"एकदा चोरून तरी यायचं ना," ती म्हणाली.

मालनबाईंनी लाडवांचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. तास संपायला अजून चाळीस मिनिटं होती, आणि पायल बाहेर जाऊ का म्हणून विचारत होती.