टेबलाखालचं बोट

लेक कामावर गेली की नातीला मोबाइलसमोर बसवायचं काम शिंपीआजोबांकडे असे. नात चार वर्षांची, स्वमग्न. अजून बोलत नव्हती. पडद्यावरच्या थेरपिस्ट ताईंचा नियम साधा होता. नातीला बटणांचा डबा हवा असला, तर तिने डब्याचं चित्र उचलून आजोबांच्या हातात द्यायचं. तोवर डबा उघडायचा नाही आणि तिला खुणावायचंही नाही.

पण ती रडकुंडीला आली की आजोबांचा जीव खालीवर होई. मग कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने ते टेबलाला खालून बोटाने टकटक करत. टकटक ऐकली की ती लगेच चित्र उचले.

आज ताई खुशीत होत्या. “आजोबा, कमाल केलीत. आपणहून मागायला लागली की पोरगी. आता पुढची पायरी घेऊ.”

लेकीने तर ऑफिसभर ही बातमी सांगितली होती. आजोबांना ते आठवलं.

“पुढची नको, ताई,” ते मान खाली घालून म्हणाले. “ती आपणहून नाही मागत. मी टेबलाखालून टकटक करतो.”

“म्हणजे कॉपी पुरवत होतात,” ताई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, हेच आजोबांना जास्त लागलं. “आता दोन्ही हात वर ठेवा, मला दिसतील असे.”

आजोबांनी हात टेबलावर ठेवले. नातीने डब्याकडे पाहिलं आणि ती थांबून राहिली. मग चित्राला हातही न लावता ती वाकली आणि टेबलाखाली त्यांचं बोट शोधू लागली.

आजोबांना ते बघवेना. पण हात त्यांनी हलवले नाहीत.