हीलरने धनुष्य घेतलं

लिफ्ट बंद पडली की आतला माणूस लाल बटण दाबतो, आणि ते दाबलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावरच्या एका खोलीत फोन वाजतो. तो फोन उचलणारा माणूस म्हणजे आपल्या गोष्टीतला गडी. हा लिफ्ट दुरुस्त करत नाही. पान्हा त्याला धरता येतो, पण त्याच्या हातात तो कुणी देत नाही. मेकॅनिक पोचेपर्यंत अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, एवढंच त्याचं काम. "घाबरू नका, माणूस निघालाय," हे वाक्य तो दिवसातून इतक्यांदा म्हणतो की ऑफिसात त्याचं नावच 'निघालाय' पडलंय. "काय रे निघालाय, निघालास का घरी?" हा विनोद रोज होतो आणि रोज तीच माणसं हसतात.

खरं म्हणजे तो मेकॅनिक व्हायलाच आला होता. फोनवरची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा साहेब म्हणाले, "तुझा आवाज बरा आहे. ती येईपर्यंत बस." बाई काही परत आली नाही. तिचं ते बाळ आता सायकल चालवतं. हा मात्र बसलाय तो बसलाय. ऊठ असं कुणी म्हणालं नाही, आणि आपणहून उठायचं असतं हे याच्या डोक्यात फार उशिरा आलं.

राहतो ताईकडे, मागच्या खोलीत. खोलीत एक मोडका पंखा आहे, गुंडाळून ठेवलेला गालिचा आहे, बिनझाकणाची पेटी आहे. "घरातलं जे जे टाकवत नाही ते सगळं तिथे असतं," असं भावोजी पाहुण्यांना सांगतात, आणि याला हाक मारतात. माणूस वाईट नाही. विनोद एवढा एकच येतो त्यांना.

त्याच खोलीत त्याचा कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरमध्ये त्याची सगळी माणसं. ऑनलाइन गेम होता तो. जंगलं, गुहा, राक्षस, खजिने. पाच जणांची टोळी करून खेळायचं. या टोळीचा पुढारी मेजर. खऱ्या आयुष्यात तो पडदे शिवायचा, पण कानातल्या हेडफोनमधून ऐकलात तर युद्धखात्याचा मंत्री वाटेल. दुसऱ्या वहिनी. त्या कुणाच्या वहिनी हे कुणालाच माहीत नव्हतं, पण एकदा म्हणायला लागले ते लागले. तिसरे गुरुजी, गणित शिकवून कंटाळलेले. चौथा मुका, कारण त्याचा माइक पहिल्या दिवसापासून बिघडलेला. तो नुसतं टाइप करायचा. आणि पाचवा आपला गडी. त्याला सगळे म्हणत डॉक्टर.

कारण तो हीलर. अशा गेममध्ये प्रत्येकाचा एक क्लास असतो. टँक पुढे उभा राहून मार खातो, तलवारवाले आणि जादूगार मार देतात, आणि हीलर मागे उभा राहून सगळ्यांना जिवंत ठेवतो. हीलर व्हायला कुणी तयार नसतं. चार वर्षांपूर्वी टोळी जमली तेव्हा चौघांनी आपापलं निवडलं आणि उरलं ते याच्या पदरात पडलं.

हीलरची एक गंमत आहे. त्याला लढाई दिसत नाही. पडद्याच्या डाव्या कडेला पाच हिरव्या पट्ट्या असतात, प्रत्येकाच्या जिवाची एक. मार बसला की पट्टी आखडते, आणि हीलरने तीन नंबरचं बटण दाबलं की पुन्हा भरते. मधे पडद्यावर भले आभाळ फाटत असो, याचे डोळे आपले पट्ट्यांवर. चार वर्षांत त्याने मोठेमोठे राक्षस मारण्यात हातभार लावला, पण त्यातला एकही धड पाहिला नव्हता.

मग एक दिवस गेमच्या कंपनीने नवा सर्व्हर काढला. जग नवं, सगळ्यांनी शून्यापासून सुरुवात करायची. अट एकच: एका खात्यावर एकच कॅरेक्टर, आणि क्लास एकदा निवडला की बदलणे नाही.

आदल्या संध्याकाळी मेजरने बैठक घेतली. "मी टँक. वहिनी?"

"तलवार. यंदा दोन घेणार."

"दोन घ्या नाहीतर सुऱ्यांचा सेट घ्या. गुरुजी?"

"आग. पोरांचे पेपर जाळता येत नाहीत, निदान..."

"कळलं. मुक्या?"

मुक्याने टाइप केलं: चोर.

"झालं तर मग. उद्या सकाळी भेटू," मेजर म्हणाला, आणि फोन ठेवल्यासारखा गेला.

आपल्या गड्याने तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. हीलर काय, तो तर आहेच. घरातला नळ असतो तसा.

जेवताना तो ताईला म्हणाला, "मी धनुष्यबाण घेणार आहे."

"कुणाला मारायला?" ताईने वाढता वाढता विचारलं. भावोजींनी मान वर केली.

"गेममध्ये गं. लांब उभं राहायचं, आपल्याला हवा तो नेम धरायचा आणि सोडायचा. कुणी हाका मारत नाही."

"मग घे की. विचारतोस काय?"

"त्यांना हीलर लागतो."

"तर त्यांना सांग. दुसरा बघा म्हणावं."

"सांगितलं तर नको म्हणतील."

"आणि न सांगता घेतलंस तर?"

"मग घेतलेलं असेल," तो म्हणाला.

"तुझी ना, कमाल आहे," ताई म्हणाली. " साहेबाला इतक्या वर्षांत एक शब्द बोलला नाहीस. आणि बंड कुठे करतोयस, तर कार्टूनमध्ये."

"कार्टून नाही ते."

"जेव."

सकाळी निवडीचा पडदा उघडला. सहा क्लास ओळीने उभे. हीलर पांढऱ्या झग्यात, हात जोडून, याचीच वाट बघत असल्यासारखा. आर्चर जरा तिरका उभा होता, खांद्यावर धनुष्य, कुणाकडेच न बघणारा. आपल्या गड्याने आर्चरवर बोट ठेवलं. 'नक्की?' असं गेमने विचारलं. आयुष्यात त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने 'हो' दाबलं आणि त्याचे कान तापले.

गुहेच्या तोंडाशी टोळी जमली होती.

"डॉक्टर, पाठीला काय लटकवलंय?" वहिनींनी विचारलं.

"धनुष्य."

"शोभेचं असेल," गुरुजी म्हणाले. सगळे हसले. मग हळूहळू हसू विरत गेलं, कारण झगा कुठे दिसेना.

"डॉक्टर, चेष्टा पुरे," मेजर म्हणाला.

"चेष्टा नाही. मी आर्चर घेतलाय."

मुक्याने टाइप केलं: बापरे.

पण माणसं चांगली होती. "असू दे, औषधाच्या बाटल्या आहेत, त्यावर भागवू," मेजर म्हणाला आणि ढाल घेऊन आत घुसला. समोर कोळीण होती, घराएवढी. आपला गडी बघतच राहिला.

"हिच्या अंगावर केस आहेत?"

"अहो, जुन्या सर्व्हरवर चार वर्षं हिलाच मारत होतो आपण," वहिनी ओरडल्या. "बाण सोडा!"

त्याने एक सोडला. बाण सुंदर गेला, अगदी डोळ्यात. त्याच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. तेवढ्यात डाव्या कडेला मेजरची पट्टी आखडली, आणि बोट आपसूक तीन नंबरवर गेलं. चार वर्षांची सवय. पण आर्चरच्या तीन नंबरला असतो बाणांचा पाऊस. तो पडला गुहेच्या पार मागच्या कोपऱ्यात, झोपलेल्या लांडग्यांवर. अख्खा कळप उठला. पाचही जण आडवे.

पहिल्यांदा सगळे पोट धरून हसले. दुसऱ्यांदा पुन्हा तेच झालं, तेव्हा फक्त गुरुजी हसले, तेही सवयीने. तिसऱ्या खेपेला याने ते बोट मुठीत दाबून धरलं. लांडगे उठले नाहीत. कोळिणीने निवांतपणे मेजरला मारलं, मग बाकीच्यांना, आणि हा पट्ट्या एकेक करून रिकाम्या होताना बघत राहिला. बटणं बदलून पाहिली, तर बोट नव्या जागी न जाता जुन्याच जागी जाऊन काहीतरी भलतंच करी. आठवडाभर असंच चाललं.

मग मेजरचा फोन आला. खेळातला नव्हे, खरा. याच्या जेवणाच्या सुट्टीत.

"डॉक्टर, राग मानू नका," मेजर म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. "वहिनींची मावसबहीण आहे. हीलर खेळते. टोळीत पाचच जागा, तुम्हाला माहीतच आहे."

"हो."

"तुम्ही चुकलात असं कुणी म्हणत नाहीये हं."

"नाही, नाही."

"मधूनमधून येत जा. बोलायला."

"काही काळजी करू नका," आपला गडी म्हणाला. आवाज अगदी शांत होता. अडकलेल्या माणसांशी बोलून बोलून तयार झालेला आवाज. तो फुकट जात नाही. मेजरला त्याने खरोखरच बरं वाटायला लावलं. मग डबा झाकून ठेवला.

"काही झालं का रे?" ताईने संध्याकाळी विचारलं.

"काही नाही."

"मग पुन्हा घे ना तो, काय म्हणतात... हीलर."

"बदलता येत नाही."

"म्हणजे? गेम ना तो?"

"हो, गेमच."

भावोजींनी त्या दिवशी तो विनोद केला नाही, आणि त्याला ते जास्त लागलं.

तेव्हापासून तो एकटाच हिंडू लागला. एकट्याला गुहेत जाता येत नाही. ससे मारायचे, हरणं मारायची, डोंगर चढायचे. जग देखणं होतं, यात वाद नाही. झाडांना पानं होती, पानांना सावली होती. हे सगळं दाखवायला शेजारी कुणी नव्हतं, एवढंच.

एके संध्याकाळी तो एका कड्यावर उभा असताना खालच्या दरीत त्याला ते पाच जण दिसले. एका पंखवाल्या राक्षसाशी लढत होते. पट्ट्या दिसत नव्हत्या. टोळीबाहेरच्या माणसाला त्या दिसत नाहीत. फक्त माणसं दिसत होती. मेजर मागे सरकायचा, वहिनी डावीकडून घुसायच्या, गुरुजींची आग वरून जायची, आणि मुका कुठून कुठे जातो ते कळायचंच नाही. इतकं छान लढतात हे, त्याला वाटलं. मागे पांढरा झगा घातलेली एक बाई उभी होती. ती मान वर करून राक्षसाकडे बघत होती, आणि तरीही कुणी पडत नव्हतं.

राक्षस कोसळला. ते हसत असणार. त्यातला एक, बहुतेक मुका, वर वळला आणि कड्याकडे बघून त्याने हात हलवला.

हात हलवायचं बटण कोणतं, हे आपल्या गड्याला माहीत नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. त्याने घाईघाईने एक दाबलं, तो बसला. दुसरं दाबलं, तर नाचायला लागला. मग सगळ्या याद्या उघडून एकेक ओळ वाचत गेला, आणि सापडलं तेव्हा त्याच्या आर्चरने छान, सावकाश, हात वर करून हलवला.

दरीत तोवर कुणीच उरलं नव्हतं. आर्चर हात हलवतच होता. ते थांबवायचं बटण वेगळं होतं, आणि त्याने ते शोधलं नाही.