मागच्या सीटवरून

दुर्गेश गिऱ्हाइकाला कुठलंही पातेलं आधी उलटं करून दाखवतो. इतवारीतल्या भांड्यांच्या ठोक दुकानात उभं राहून राहून कानापाशी त्याचे केस पांढरे झाले, पण ही सवय गेली नाही. वरून सगळीच भांडी चकाकतात, म्हणतो, आणि बुडाला टिचकी मारतो. बाहेर गल्लीत हातगाड्या अडलेल्या, टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढत नाही, आणि हा माणूस मान कलती करून पितळेचा आवाज ऐकत उभा.

तसा तो अबोल. शहरात हुडकेश्वरला दोन खोल्यांचं घर, आणि काटोलच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की संत्र्याची बाग. बागेत त्याची आई राहते, पंचफुलाबाई. शहरात तिचा जीव रमत नाही. म्हणून दर रविवारी दुर्गेश आणि त्याची बायको वंदना मोटरसायकलने बागेत जायचे.

त्या वाटेवर वंदना बोलायची. घरात बोलणं म्हणजे गॅस संपला, नळ आला, एवढंच. पण काटोल नाका मागे पडला आणि फेटरीच्या बाजूने मोकळं रान लागलं, की तिला कंठ फुटायचा. बहिणीच्या सासरच्या गोष्टी, शेजारणीचं भांडण, लहानपणी विहिरीत पडलेली बकरी. हेल्मेटमधून आणि वाऱ्यातून निम्मे शब्द दुर्गेशपर्यंत पोचायचे. तो अंदाजाने "हाव" म्हणायचा. आपल्या पाठीमागे कोणीतरी आपल्यासाठी बोलत आहे, एवढं त्याला आठवडाभर पुरायचं.

मग मागच्या हिवाळ्यात बागेच्या वाटेवरच्या नाल्यात गाडी रेतीत डगमगली. दुर्गेशने ब्रेक दाबला. तो पडला नाही. एका बाजूला पाय सोडून बसलेली वंदना पडली. मनगट मोडलं, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं. तिने कोणाकडेही नवऱ्याचं नाव घेतलं नाही. गाडी घसरली, एवढंच सांगायची. पण त्यानंतर ती गाडीवर बसली नाही. कधी म्हणे काटोलच्या बाजारातून काही घ्यायचं आहे, कधी म्हणे ऊन लागतं. एसटीने जायची, फाट्यावर उतरून बागेपर्यंत पायी यायची. दुर्गेश एकटा गाडीवर पुढे जायचा. पाठीवर नुसता वारा असायचा.

दसऱ्याच्या सुमाराला जुन्या गाडीने धूर ओकायला सुरुवात केली आणि नवी घेणं आलंच. रोज इतवारीच्या गर्दीतून निघेल, कच्च्या वाटेने बागेत जाईल, आणि मागे वंदना बसेल, अशी गाडी त्याला हवी होती. पहिल्या दोन गोष्टी तो सगळ्यांना सांगायचा. तिसरी कोणाला सांगितली नाही.

शेजारच्या दुकानातला ओमप्रकाश म्हणजे गाड्यांचा शौकीन. त्याने एक उंचीपुरी गाडी दाखवली, पुढचा मडगार्ड चोचीसारखा वर उचललेला.

"दगडावरून जाते, नाल्यातून जाते. तुले अजून काय पाहिजे गा?"

दुर्गेशने चालवून पाहिली. शोरूमच्या मागे नव्या प्लॉटांच्या लेआउटची मुरमाड वाट होती. खड्डे गाडीच्या पोटाखालून नुसते निघून गेले. त्याला वाटलं, सापडली. आता वंदनाला भीती वाटायचं कारण नाही.

संध्याकाळी ती अंबाडीची भाजी निवडत होती.

"उद्या चल वं माझ्यासंग. गाडी पाहून घे."

"मी कायले? चालवायची तुमाले."

"मागं तर तूच बसशीन."

वंदनाने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मागं कसं वाटते, ते मले काय विचारता. तुमीच बसून पाहा ना एखाद्या वेळी."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने पुढची काडी उचलली. पण ते वाक्य दुर्गेशच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुकानात एका बाईला तो पातेलं उलटं करून दाखवत होता आणि मध्येच थांबला. बाई म्हणाली, "काय झालं भाऊ, पोचा आहे काय?" तो म्हणाला, "नाही. पातेलं चांगलं आहे."

दुपारी त्याने ओमप्रकाशला पुन्हा शोरूमवर नेलं.

"आज तू चालव. मी मागं बसतो."

"बस ना बाप्पा, त्यात काय."

दुर्गेश मागे बसला. दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून.

ओमप्रकाशने वळून पाहिलं. "हे काय करून राहिला बे?"

"चालव."

"साडी घरी विसरला काय?"

शोरूममधले लोक दारात आले. पानठेल्यावरचा एकजण म्हणाला, "वहिनी, पदर सांभाळा." दुर्गेशचे कान तापले, पण तो उतरला नाही.

गाडी मुरमावर आली आणि त्याला कळेना की हात कुठे ठेवावे. सीट मागे वर चढत गेलेली, आणि धरायला फक्त ओमप्रकाशचा शर्ट. पाय टेकवायला जागा नव्हती, ते मेलेल्या कोंबडीच्या पायांसारखे लोंबत होते. पुढचं काही दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त कडेची झुडपं, आडवी पळणारी. खड्डा आला, तो आधी कमरेला कळला. मग एक कुत्रं आडवं आलं असावं, कारण ब्रेक लागला. दुर्गेश सरकत सीटच्या काठावर आला आणि एक क्षण त्याच्या खाली काहीच नव्हतं. तेवढ्या क्षणात त्याने तो नाला वंदनाच्या जागेवरून पाहिला. पुढे बसणाऱ्याला रस्ता दिसतो. मागे बसणाऱ्याला सगळं घडून गेल्यावर कळतं.

"थांबव," तो म्हणाला.

"काहून? घाबरला काय?"

"हाव."

ओमप्रकाश हसायला निघाला होता. पण दुर्गेशचा चेहरा पाहून त्याने गाडी बंद केली.

त्यानंतरचे चार-सहा दिवस दुर्गेश गाड्या मागूनच पाहत फिरला. ओमप्रकाश कुरकुरत चालवायचा, हा आडवा बसायचा. एक गाडी चालायला लोण्यासारखी, पण सीट घसरडी. एकीचं सगळं ठीक, पण सायलेन्सर नेमका पोटरीपाशी. शेवटी जी घेतली ती दिसायला अगदी साधी होती. उंची मध्यम, टायर जरा दातेरी. मागची सीट सपाट आणि रुंद, धरायला मजबूत कडं. डाव्या बाजूला दोन्ही पाय मावतील एवढं पायदान आणि साडीसाठी जाळी त्याने नंतर बसवून घेतली.

"एवढं पाहून ही घेतली?" ओमप्रकाश म्हणाला. "ही तर दूधवाल्याची गाडी आहे गा."

"दूध सांडत नाही त्याचं," दुर्गेश म्हणाला.

घरी वंदनाने गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडी स्टँडवर असतानाच ती चढून बसली, पायदानावर पाय दाबून पाहिले, कडं धरून दोनदा हलवलं. दुर्गेश दारात उभा होता. मागे बसून पाहिल्याचं त्याने सांगितलं नव्हतं, पण ओमप्रकाशच्या बायकोकडून ते तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"रविवारी येईन मी," ती म्हणाली. "पण नाल्यापाशी उतरीन. तुमी पलीकडे जाऊन थांबा."

"बरं."

रविवारी ती बसली. सीमेंट रोड संपला, फेटरी गेली, तरी ती बोलली नाही. तिचा हात कड्यावर होता, दुर्गेशच्या खांद्यावर नव्हता. तो वाटेतला प्रत्येक खड्डा मोठ्याने सांगत होता. "खड्डा आहे." "गतिरोधक आहे." "म्हशी आहेत."

डांबरी सुटली. दोन्ही बाजूंना संत्री पिकायला लागलेली, फांद्यांना बांबूचे टेकू. मग नाला आला. पाणी आटलेलं, रेती मात्र अजून ओली आणि काळसर. दुर्गेशने काठावर गाडी थांबवली, पाय टेकवला आणि वाट पाहिली.

मागे हालचाल नाही.

"काहून थांबले?"

"तू उतरणार होती ना."

वंदनाने वाकून त्याच्या खांद्यावरून समोर पाहिलं.

"रेती बसली आहे. निघते गाडी. फक्त ब्रेक मारायच्या आधी सांगजा."

"ब्रेक मारतच नाही," तो म्हणाला आणि पहिला गिअर टाकला.

गाडी खाली उतरली. पुढचं चाक एकदा डावीकडे गेलं. त्याच क्षणी त्याच्या उजव्या खांद्यावर पाच बोटं घट्ट रुतली. त्याने हँडल सैल धरलं, चाकाला हवी तशी वाट घेऊ दिली. खाली रेती करकरली, मग दगड, मग चढ, आणि गाडी पलीकडच्या काठावर आली. खांद्यावरची बोटं सैल झाली, पण हात तिथेच राहिला.

झाडांच्या रांगेपलीकडे आईचं टिनाचं छप्पर दिसायला लागलं. मागून आवाज आला, वाऱ्यात फाटलेला, निम्मा कळणारा. बहिणीचं, चारुलताचं काहीतरी, आणि बहुतेक तिच्या सासूच्या दातांचं.

"हाव," तो म्हणाला.

"काय हाव? काय म्हटलं मी?"

दुर्गेशने गाडी हळू केली. "ब्रेक मारून राहिलो," त्याने आधी सांगितलं, आणि मग ब्रेक दाबला. "आता सांग. पहिल्यापासून."