रिपोर्ट येईपर्यंत

या विषयावर लिहिण्याइतकं माझं शिक्षण झालेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा.

आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी अनेक वर्षं रक्तात कर्करोगाच्या खुणा शोधल्या. मग त्या मानसशास्त्राकडे वळल्या. आता रिपोर्टची वाट पाहणाऱ्या माणसांच्या भीतीचा त्या अभ्यास करतात. पहिला प्रश्न आजाराचा विचारायचा नाही, हा त्यांचा नियम. परवा दवाखान्याच्या बाकावरच्या एका बाईंना त्यांनी विचारलं, "मावशी, गावाकडं पाऊसपाणी कसं?"

"पाऊस हाय की बाई, पर मी घरी न्हाई," म्हणत मावशी रडायलाच लागल्या.

शेजारी नोंदींची वही घेऊन बसलेल्या माझ्या हातून अक्षर उमटेना. माझ्या आईच्या गाठीचा रिपोर्टही यायचा होता. रक्तातली खूण यंत्राला सापडते. भीती अंगात नेमकी कुठं राहते? माझी तर बोटांत उतरली होती.

मॅडमनी हळूच वही काढून घेतली. "आज तू नको लिहूस."

त्याच संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "परीक्षा होईस्तवर पोराला सांगू नका म्हणती तुझी आई. पर मला एकट्याला पेलंना. कॅन्सरच निघाला रं."