मिठाच्या पाण्याची बाटली

मी लोणावळा स्टेशनवर पार्सल क्लार्क होतो तेव्हाची गोष्ट. लढाईची वर्षं होती, म्हणून आम्हाला प्रवाशांवर नजर ठेवायला सांगितलं होतं. दर शनिवारी मुंबईहून येणाऱ्या गाडीतून एक शेतकरी उतरायचा. त्याचं तोंड उपरण्यानं बांधलेलं असायचं. घाट चढायला लावलेलं जादा इंजिन गाडीपासून सोडवून ती पुढे निघेपर्यंत तो भिंतीकडे वळून बाटलीतलं काहीतरी तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि बोटानं आतून चाचपायचा. हा चोरीचं सोनं गालात दडवून नेतो, असं मी धरूनच चाललो.

चौथ्या शनिवारी मी त्याला हटकलं. "तोंडात काय आहे?"

त्यानं उपरणं सोडलं. तोंडात एकही दात नव्हता.

"मी म्होरल्या वराळे गावचा, भाऊ. गालात गाठ हाय. मुंबईला तिच्यावर किरणं देत्यात. त्याच्या आदी समदे दात काढले. ह्ये मिठाचं पानी, हिरड्या जपायला. चांगले धड दात काढले तवा मला बी डॉक्टरचा लय संशय आलता."

मी वाट सोडून बाजूला झालो. तोच म्हणाला, "बघताच हाय, तर नीट बघा. गाडीत बसल्यापासनं मागं बोटाला टोचतंय, हाड उघडं पडलंय का? तसं झालं तर लगेच या, आसं डॉक्टर म्हनलेत."

मी वाकून पाहिलं. खालच्या हिरडीतून पिवळट हाड दिसत होतं. मी तसं सांगितलं.

तो माझ्याकडे रोखून बघत राहिला. "खरं सांगताय न्हवं?"

"खरं."

घर तासाभरावर आलं होतं. तरी त्याला चोर समजणाऱ्या माझ्या शब्दावर विसंबून त्यानं तोंड बांधलं, पूल ओलांडला आणि पलीकडच्या फलाटावर मुंबईला परत जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसला.